आबांचा डावा पाय

गाडीला गिअरच नाहीत, हे ऐकल्यावर नाथाजीनं एवढंच विचारलं, "मग चालवायचं काय?"

शंभूराज हसला. हा भाऊसोचा मेव्हणा, म्हणजे भाऊसोच्या लेकीचा, साक्षीचा मामा. जपानात कुठल्याशा कारखान्यात काही वर्षं काढून परत आला होता आणि येताना बोटीतून ही पांढरी गाडी घेऊन आला होता. तिचं कौतुक सांगायला बसला की त्याला तहानभूक राहत नसे.

"आबा, आत पोलादी पट्टा असतो. तो आपोआप मागं-पुढं सरकतो. तुमी नुसतं पायानं दाबायचं, बाकी सगळं गाडी बघती."

"पट्टा? म्हंजी पिठाच्या गिरणीगत?"

"तसंच समजा."

"मग दळान टाकून बगा," नाथाजी म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

नाथाजी भाऊसोचा थोरला भाऊ. त्याची उमेदीची वर्षं फौजेच्या ट्रकवर गेलेली, लेहच्या घाटरस्त्यांवर. पेन्शनीत आल्यावर त्यानं एक जुनी जीप घेतली आणि वडूजच्या अलीकडं त्या सगळ्या पट्ट्यात वरात निघाली की गाडीवर नाथाजीच, असा रिवाज पडला. वरातीची गाडी चालवणं म्हणजे सडकेवर गाडी हाणणं नव्हे. पुढं बेंजो, बेंजोपुढं नाचणारी गाबडी, आणि त्यांच्या मागं गाडीनं मुंगीच्या पावलानं सरकायचं. मागच्या सीटवर नवरा-नवरी, शेजारी करवली, आणि करवलीच्या मांडीवर पाण्यानं भरलेला कऱ्हा, वर नारळ. नाथाजीच्या वरातीत त्या कऱ्ह्यातला थेंब कधी सांडला नव्हता. ही गोष्ट गाव सांगायचं, आणि गावानं नाही सांगितली तर नाथाजी स्वतः सांगायचा.

त्याला पोटचं मूलबाळ नव्हतं. साक्षीची वरात आपल्या जीपमधून न्यायची, हे ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून त्यानं ठरवून ठेवलेलं. आणि ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी भाऊसो येऊन मान खाली घालून म्हणतो, "आबा, सांगलीकडचं पाव्हणं बडी माणसं हायत. जीप काय बरी दिसायची न्हाई. शंभूची गाडी काढू. चालवणार तूच."

"माजी जीप बरी दिसत न्हाई, आन मी बरा दिसतो व्हय?"

भाऊसोला उत्तर सुचायला बायकोला विचारावं लागायचं. नाथाजी त्याच्यावर मनसोक्त डाफरला, जपानवर डाफरला, बोटीवर डाफरला. पण साक्षीला दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायची त्याची छाती झाली नाही. त्यानं किल्ली घेतली.

सकाळी त्यानं गाडी सडकेला फिरवून बघितली. पळताना गाडी झ्याक. आवाज नाही, हिसका नाही. नाथाजीच्या कपाळाला आठी पडली, कारण नावं ठेवायला काही सापडेना. मग गावात वळून त्यानं वेग वरातीचा केला, आणि गाडीच्या पोटात गुरगुर सुरू झाली. आधी बारीक, मग सीट थरथरेपर्यंत. आणि एकदम हिसका! पुन्हा गुरगुर, पुन्हा हिसका. नाथाजीला मनातून लय बरं वाटलं.

"पाव्हणं, ही गाडी पळायची हाय, वरातीची न्हाई. हळू चालली की हिला उचक्या लागत्यात."

शंभूराजनं गॉगल कपाळावर चढवला. "आबा, राग मानू नका. गाडीला काही झालेलं नाही. तुमचा डावा पाय. जन्मभर क्लच दाबलाय त्यानं. इथं क्लच नाही, म्हणून तो ब्रेकवर पडतोय आणि तुमच्या ध्यानात येत नाही."

"माजा पाय? आन माज्याच ध्यानात येत न्हाई?"

"ह्या वयात होतं असं."

ह्या वयात! नाथाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मांडवात माणसं जमली होती. त्यानं नुसती खळखळून चूळ भरली.

अक्षता पडल्या, जेवणं उरकली, उन्हं कलली आणि मारुतीच्या देवळाकडं वरात निघाली. बेंजोनं ठेका धरला. नाथाजीनं डावा पाय पार सीटखाली ओढून घेतला आणि गाडी सोडली. चावडी यायच्या आत गुरगुर लागली. चावडीसमोर हिसका बसला. कऱ्हा हिंदकळला आणि पाणी नवरदेवाच्या सुटावर सांडलं. सांगलीकडची एक पाव्हणी मोठ्यानं म्हणाली, "डायव्हर नवा हाय काय?"

शंभूराज फेटा सावरत खिडकीशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आबा, डावा पाय!"

माणसं वाकून वाकून नाथाजीचा पाय बघायला लागली. ज्या गाढवांच्या वराती त्यानं नेल्या होत्या, तीच गाढवं आता त्याच्या पायाकडं बघून माना हलवत होती.

नाथाजीनं पायातली वहाण काढून रस्त्यावर टाकली. डावा पाय उचलून सीटवर घेतला आणि पंगतीला बसल्यासारखा मांडीखाली दाबला. "बगा रं समद्यांनी! पाय हितं हाय. आता बेंजो वाजवा!"

तसाच एका पायाची मांडी घालून त्यानं गाडी नेली. चावडीपासून सोसायटीच्या गोदामापर्यंत. बेंजोवाले रंगात आलेले, पुढं सरकायलाच तयार नाहीत. आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त गुरगुरली, जास्त उसळली. नवरदेवाच्या मुंडावळ्या नाकावर आल्या. करवली कऱ्ह्यावर पालथी पडून तो सांभाळत होती.

"आता कुणाचा पाय, पाव्हणं?"

शंभूराजचं तोंड बघण्यासारखं झालं. "जपानात असं कधी झालं नव्हतं."

"जपानात बेंजोमागं चालली हुती व्हय?"

हशा पिकला. शंभूराज चिडून स्वतः चाकावर बसला. त्याचे दोन्ही पाय जपानी वळणाचे, तरी गाडीनं त्यालाही असा हिसका दिला की फेटा आरशावर आदळला. तो उतरून इथल्या पेट्रोलला शिव्या द्यायला लागला. पाय झाला, आता पेट्रोल आलं. ह्या माणसाची गाडी सोडून जगात सगळं बिघडलेलं होतं.

"जीप आणा!" कुणीतरी ओरडलं. भाऊसो स्वतः पळाला. जीप आली. नवरा-नवरी, करवली मागं बसली. कऱ्हा पुन्हा काठोकाठ भरला. नाथाजी चाकावर चढला तशी माणसांनी टाळ्या वाजवल्या. असा मान फौजेतसुद्धा मिळाला नव्हता.

आणि तेव्हा त्याला कळलं की डावा पाय जाग्यावर नाही. इतका वेळ मांडीखाली दाबून पार बधिर झालेला. क्लच कुठं आहे ते डोळ्यांना दिसत होतं, पायाला लागत नव्हतं.

'थांबा रं, पायाला मुंग्या आल्यात.' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण समोर शंभूराज उभा होता, हाताची घडी घालून. त्याच्यासमोर पायाचं नाव काढायचं? मेलो तरी बेहत्तर. नाथाजीनं पाय हातानं उचलून क्लचवर ठेवला, गिअर टाकला आणि हळूच सोडायला गेला. पाय हळू सुटला नाही, घसरला.

जीपनं उडीच मारली आणि बंद पडली. कऱ्हा उपडा झाला. नारळ घरंगळत बेंजोवाल्यांच्या पायांत गेला. वाजणं थांबलं.

शंभूराज अगदी हळू, प्रेमानं म्हणाला, "मी काय म्हणत होतो? डावा पाय."

गाव असं हसलं की देवळावरची कबुतरं उडाली. नाथाजीला खरं काय ते ओरडून सांगायचं होतं. पण आता सांगून कोण ऐकणार? त्याच्या कानशिलाला घाम आला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला जीपमधून उतरून पळून जावंसं वाटलं.

मागून साक्षी वाकली. तिचा शालू चिंब झाला होता. "आबा, पायाला मुंग्या आल्यात न्हवं?"

"न्हाई."

"बरं, न्हाई आल्या. तुमी जरा दम खावा आन मग चला. सांडायचं हुतं ते सांडलं. आता कशाला भ्याचं?"

नाथाजीनं पाय चोळला. मग जीप चालू केली.

तिथून मारुतीच्या पायरीपर्यंत जीप अशी गेली की मागं बसलेल्यांना ती चालली आहे का थांबली आहे हे कळलं नाही. एक हिसका नाही, एक धक्का नाही. असली वरात नाथाजीनं उभ्या जन्मात नेली नव्हती. पण करवलीच्या मांडीवरचा कऱ्हा रिकामा होता, आणि रिकाम्या कऱ्ह्यातून पाणी सांडलं नाही हे तो सांगणार कुणाला?