बरोबरीचं रक्त

लुईझा माझी धाकटी जाऊ. तिला पाहिलं की माझ्या पोटात दुखतं, आणि हे मी आता लपवतही नाही. तिचा नवरा साइखान आमच्या खोऱ्यातला मोठा माणूस. माझा नवरा देनिल्बेक त्या मोठ्या माणसाचा भाऊ. वयानं थोरला, पण लोकांच्या लेखी नुसता भाऊ.

फौजेविरुद्धच्या पहिल्या लढाईत दोघंही जंगलात राहून लढले. दिराच्या मांडीत गोळी लागली तेव्हा ह्यांनी त्याला पाठीवर घेऊन बर्फातून डोंगर उतरवला. गोळीची गोष्ट आजही लग्नाकार्यात निघते. पाठीची कोणी काढत नाही. आणि दीर वागायला इतका चोख, की हे खोलीत आले की उठून उभा राहणार, ह्यांनी म्हटल्याशिवाय बसणार नाही. त्यानं एकदा तरी उद्धटपणा केला असता तर मला त्याच्यावर मनसोक्त चिडता आलं असतं!

मग निवडणूक आली. जिल्ह्याचा प्रमुख व्हायला दीर उभा राहिला आणि त्याच्यासमोर खालच्या गावचा अदलान. तोही तेवढाच मोठा, तेवढाच मानाचा. शाळेच्या पटांगणात सभा होती. हे पुढच्या बाकावर बसायला गेले, तर अदलाननं हात आडवा केला.

"ही जागा पाहुण्यांची आहे, बाबा. तुम्ही कुणाकडचे?"

"साइखानचा भाऊ आहे तो," मागून कोणीतरी ओरडलं.

"असं होय! साइखानला भाऊ पण आहे?"

सगळं पटांगण हसलं. ह्यांनी कमरेचं पिस्तूल काढलं आणि अदलान त्या बाकापाशीच कोसळला.

दिरानं वर शब्द टाकला म्हणून तुरुंग टळला. रक्ताचं वैर काही टळत नाही. हे दार लावून घरात बसले, दाढी-केस वाढू दिले. मेलेल्याच्या घरचे माफ करून आपल्या हातानं काढतील तोवर आमच्यात खुन्याच्या गालाला वस्तरा लागत नाही. बाहेर फांदी मोडली तरी मी दचकायची. तरीही मनातून कुठंतरी बरं वाटत होतं. पहिल्यांदाच खोऱ्यात ह्यांचं नाव निघत होतं, साइखानच्या नावाशिवाय.

तेही टिकलं नाही. अदलानच्या घरची म्हातारी माणसं आमच्या शेजारी, दिराच्या अंगणात येऊन उभी राहिली. बसली नाहीत, पाणीही घेतलं नाही.

"आमचा माणूस साधासुधा नव्हता," त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला. "देनिल्बेकचं रक्त त्याच्या बरोबरीचं नाही. आम्हाला साइखान पाहिजे."

मेलेल्याच्या तोलामोलाचा माणूस मागायची ही रीत फार जुनी. मी ती फक्त आजोबांच्या तोंडून ऐकली होती.

"मारलं मी!" हे आमचं दार उघडून पुढे झाले. "मी मारलं, सगळ्यांनी बघितलंय!"

"माहीत आहे," म्हातारा म्हणाला. "तुम्ही आपल्या गाई सांभाळा."

माझा नवरा वाचला होता. मी अल्लाचे आभार मानले, अगदी मनापासून मानले, आणि दिराच्या स्वयंपाकघरात गेले. गावच्या बायका लुईझाभोवती गोळा झाल्या होत्या. कोणी तिचा हात धरला होता, कोणी डोळे पुसत होती. माझ्याकडे एकीनंही वळून पाहिलं नाही. ज्या मरणाची वाट मी इतके दिवस जीव मुठीत धरून पाहिली, तेसुद्धा तिच्या घरी जाऊन मानाचं झालं. मी जळाले, दुसरा शब्द नाही.

त्या दिवसापासून दिरानंही दाढी ठेवली. गावोगावच्या वडीलधाऱ्यांनी आणि मुल्लांनी खेपा घातल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात समेट ठरला.

"दादा, तुम्ही नका येऊ," दीर म्हणाला. "तुम्हाला बघून ते बिथरतील."

"खून माझा आहे," हे म्हणाले. "तो तरी मला ठेव."

नदीकाठच्या कुरणावर आमच्या कुळातले पुरुष माना खाली घालून गेले, चेहऱ्यावर टोप्या ओढून. आम्ही बायका लांब गाड्यांपाशी थांबलो. हे दोघं भाऊ शेजारी गुडघे टेकून बसले. अदलानची आई झाबू वस्तरा घेऊन उठली. मान कापली असती तरी तिला कोणी अडवलं नसतं.

ती ह्यांना ओलांडून दिरापाशी गेली. त्याची टोपी मागे सारली. वस्तरा गळ्यापाशी थोडा वेळ थांबला, मग तिनं त्याच्या गालावरून तो फिरवला आणि त्याचं डोकं छातीशी धरलं.

"आजपासून तू माझा मुलगा," ती म्हणाली. लुईझा माझ्या खांद्यावर पडून रडली.

तेवढ्यात ह्यांनी आपली टोपी काढली.

"काकी, मी राहिलो."

झाबूनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर चाललं असतं.

"बाळा, तुला माफ करायचं म्हणजे माझा अदलान एका बाकासाठी मेला असं म्हणावं लागेल. तो मोठ्या वैरात गेला. माझ्यापाशी तेवढंच उरलंय, ते राहू दे."

आणि तिनं वस्तरा मिटला.

घरी आल्यावर मी पाणी तापवलं, आमचा वस्तरा काढला. "बसा, मी काढते."

"तुझ्या हातानं चालत नाही," हे म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले.

आता कोणी ह्यांना मारायला येणार नाही. दाढी छातीपर्यंत आली आहे. दीर दर शुक्रवारी झाबूकडे जेवायला जातो आणि लुईझा मला तिथलं सगळं कौतुकानं सांगते. तिचा हेवा आहेच, तो जायचा नाही. पण त्याहून जास्त हेवा मला झाबूचा वाटतो. लग्न झाल्यापासून मी ह्यांना सांगत आले की तुम्ही कुणापेक्षा कमी नाही. ह्यांना ते कधी पटलं नाही. त्या म्हातारीनं नुसता एकदा वस्तरा लावला असता तर पटलं असतं.