पहिलं बटण

दादाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. त्यांचं मिळालं असेल.

आमचे अप्पा जन्मभर प्रोग्रॅमर. नसांचा आजार निघाला, हात जातील आणि वाचाही जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. अप्पांनी आपल्याच आवाजात आठ वाक्यं रेकॉर्ड केली आणि बटण दाबलं की वाक्य वाजेल असा प्रोग्रॅम लिहिला. शेवटी उजव्या हाताची बोटं तेवढी हलायची; त्यांच्याखाली आठ बटणांची पट्टी. बटणांवर काही लिहिलेलं नव्हतं, क्रम त्यांना पाठ. अचानक खणखणीत आवाज यायचा, "अरे, तो टीव्ही बंद करा, डोकं उठलं!" आणि आम्ही हसायचो.

प्रोग्रॅम मुद्दाम त्यांच्या कॉम्प्युटर-भाषेच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेला. नवीबद्दल म्हणायचे, "नाव तेच ठेवून दुसराच जावई घरात घेतलाय."

मग जुना कॉम्प्युटर जळाला. नव्यावर जुनी आवृत्ती चालेना. दादाही त्याच धंद्यातला. "भाषा तीच गं, आवृत्ती तेवढी नवी," म्हणत त्याने अख्खा प्रोग्रॅम बदलून घेतला. एकही एरर आली नाही. बटणं दाबून पाहिली तर सात बोलली, आठवं मुकं.

"बटण गेलं असेल. नवी पट्टी आणतो," म्हणाला. आणली कुठली!

पहिल्या दिवशी अप्पा टीव्ही बंद असतानाच तो बंद करा म्हणत राहिले. दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत. "बघ, सरावले," दादा म्हणाला.

त्या दुपारी मी त्यांच्याजवळ कपड्यांच्या घड्या घालत होते.

"कूस बदला."

बदलली.

"कूस बदला."

"अहो अप्पा, आत्ताच तर बदलली!" तरी पुन्हा बदलली.

"कूस बदला. कूस बदला. कूस ब—"

वैतागले असतील, म्हटलं. चेहऱ्यावर काही उमटायचंच नाही हो त्यांच्या! ओठ निळे दिसले तोवर सगळं संपलं होतं. कफ ओढायचं मशीन उशाशीच होतं.

आठवड्याने दादाने प्रोग्रॅम उघडला तेव्हा कळलं. जुनी आवृत्ती एकपासून मोजायची, नवी शून्यापासून; पहिल्या वाक्याचा नंबर आता शून्य, दुसऱ्याचा एक. म्हणजे पहिलं बटण दाबलं की दुसरं वाक्य, दुसरं दाबलं की तिसरं. अप्पांनी ते एका दिवसात ओळखलं आणि बोट एक घर मागे घेऊन बोलत राहिले. पण पहिल्या वाक्याला बटणच उरलं नव्हतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं ते आधी, ही अप्पांची जन्माची सवय.

"एरर नव्हती गं," दादा म्हणाला.

"एरर नव्हती! काय वाजतंय ते ऐकलंस का, मेल्या?"

तो रडायला लागला. मला दया आली नाही.

"पहिलं वाजव."

"नको ना."

"वाजव म्हणते ना!"

अप्पांचा धडधाकट आवाज खोलीत आला. "श्वास कोंडतोय. कफाचं मशीन लावा. आणि घाबरू नका रे पोरांनो, वेळ आहे."