दोन चमचे

निवेदिता वानखेडेच्या प्रॅक्टिकल वहीत साहू मॅडमांनी लाल पेनाने एकच ओळ लिहिली होती : "ठप्पा गलत. दोबारा कीजिए." शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत वहीवर सही झाली नाही, तर सोमवारच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. आज गुरुवार होता.

निवेदिता रायपूरच्या एका कॉलेजात वाचा-उपचाराच्या पहिल्या वर्षाला होती. शरीररचनेच्या प्रात्यक्षिकात प्रत्येकाने घरातल्या एका माणसाच्या टाळूचा ठसा घ्यायचा होता. कोळशाची बारीक पूड तेलात कालवायची आणि ब्रशने जिभेला फासायची. माणसाने ठरलेला शब्द एकदाच बोलून तोंड उघडं ठेवायचं. जीभ टाळूला जिथे टेकते, तिथे काळं लागतं. मग तोंडात छोटा आरसा धरून फोटो काढायचा. शब्द सगळ्यांना एकच होता, चमचा. त्यातला 'म' ओठांनी होतो, जीभ लागते ती फक्त 'च'ला.

पुस्तकातल्या आकृतीत 'च'चा काळा पट्टा हिरडीच्या उंचवट्यामागे, टाळू चढू लागते तिथे होता. निवेदिताने आपल्या वनमाला आत्याचा ठसा घेतला होता. तिचा पट्टा पार पुढे, दातांच्या मुळाशी होता.

"मेरा मुँह ले ले ना," वर्गातला गौतम म्हणाला. "पाँच मिनट का काम है."

"आत्या का तीन बार लिया. तीनों बार वहीं."

"तो?"

"तो गलती मेरी नहीं है."

"सोमवार को यही बोलना, गेट के बाहर से."

संध्याकाळी ती बूढापारा मोहल्ल्यातल्या घरी पोहोचली, तेव्हा आत्या चहा टाकत होती. आत्या रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, मूळची वर्ध्याची.

"फेल झाली काय वं मी?"

"पुस्तक म्हणते, तुझी जीभ चुकीच्या जागी लागते."

"पुस्तकाले म्हणा, याच जिभेनं तीस वर्षं साहेब लोक सरळ केले."

"आत्या, परत बोल. नुसतं बोल."

"चमचा."

"चमचा," निवेदिताने म्हणून पाहिलं.

आत्या हसायला लागली. "हा तर हिंदीतला चमचा झाला. साहेबाच्या मागं फिरते, तो."

"आणि तुझा?"

"माझा साखरेचा. चमचा. तुले ऐकू नाही येऊन राहिलं काय?"

निवेदिताला खरंच ऐकू आलं नव्हतं. ती आत्याच्या समोर बसली आणि तोंडाकडे पाहत राहिली. चौथ्या वेळी दिसलं. आत्याच्या जिभेचं टोक दातांमागे टेकत होतं आणि सुटताना बारीक 'स' वाजत होता. 'त' आणि 'स' एका दमात. निवेदिताची जीभ त्या जागी जातच नव्हती. घरात मराठी, शाळेत आणि गल्लीत हिंदी, आणि 'च' गल्लीतला उचललेला. दोन्हीकडे लिहायचं अक्षर एकच, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आता चहा म्हण."

"चहा."

हा 'च' मागचा होता, पुस्तकातल्या आकृतीसारखा. निवेदिताने ताबडतोब कोळशाची वाटी काढली.

"काहून वं, पुन्हा? आताच तर चूळ भरली!"

"दोनदाच. एकदा चहा, एकदा चमचा. मग माझा."

शुक्रवारी एक वाजता ती आत्याला घेऊन प्रयोगशाळेत हजर झाली. तीन फोटो टेबलावर मांडले. आत्याचा 'चहा' मागे. आत्याचा 'चमचा' पुढे. निवेदिताचा 'चमचा' मागे.

"मॅडम, मुँह एक, लेप एक, शीशा एक. गलती होती तो दोनों ठप्पे आगे आते."

साहू मॅडमांनी फोटो फिरवून पाहिले. "शीशा तिरछा भी हो सकता है. मेरे सामने कीजिए."

त्यांनी हातमोजे घातले आणि आत्याच्या जिभेला स्वतः लेप लावला. आधी चहा. चूळ, पुन्हा लेप, मग चमचा. आरसाही त्यांनीच धरला. बराच वेळ त्या आत वाकून पाहत होत्या.

"दाँत के पीछे ही है," त्या शेवटी म्हणाल्या. "मैं दस साल से यही शब्द दे रही हूँ."

"मुँह काला मेरा हुआ मॅडम, अब दस्तखत तो आप करो," आत्या काळे दात दाखवत म्हणाली. मॅडमांना हसू आवरलं नाही.

त्यांनी लाल ओळ खोडली, पण पेन ठेवलं नाही. "हर ठप्पे के आगे भाषा लिखो. फिर साइन."

निवेदिताने आत्याच्या दोन्ही ठशांपुढे 'मराठी' लिहिलं. तिसऱ्यापाशी हात थांबला.

"हिंदी लिव," आत्या कानाशी पुटपुटली.

पण हा शब्द निवेदिता आत्याशी बोलली होती, घरात, आणि मराठीतच बोलली होती. तिने लिहिलं : मराठी, रायपूर.

"ये कौन सी भाषा हुई?" मॅडमांनी विचारलं.

"जो मैं बोलती हूँ, मॅडम. ठप्पा सामने है."

मॅडमांनी ठसा पुन्हा एकदा पाहिला आणि खाली सही केली. घड्याळात एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.