मंगळवारचा नमुना

तळ्याकाठी तंबूंसाठी जागा आखून दिल्या होत्या, आमची सातवी. बाबा खुंट्या ठोकत होते आणि आईचा कुत्रा ढब्ब्या दोरी चावून त्यांच्या कामात भर घालत होता. आई जाऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून ढब्ब्या दारातल्या तिच्या चपलांपाशी झोपायचा आणि बाबा माझ्याशी कामापुरतं बोलत, बाकी सगळं ढब्ब्याशी. मला चालायचं. निदान घरात आवाज असायचा.

"शास्त्रज्ञबाई, हा तुमचं तळं प्यायला तर चालेल ना?" बाबांनी विचारलं.

"पिऊ द्या. मंगळवारी मीच तपासलंय. घरच्या नळापेक्षा बरं आहे."

"ऐकलंस का रे? साहेबांची परवानगी मिळाली."

पाणी तपासणं ही माझी नोकरी. दर मंगळवारी धक्क्याच्या टोकावरून, कोपरापर्यंत हात बुडवून, एक बाटली भरायची. जागा बदलायची नाही, म्हणजे मागचे-पुढचे आकडे ताडून पाहता येतात. तीन वर्षांत मी ती एकदाही बदलली नव्हती, आणि याचा मला अभिमान होता.

ढब्ब्या पोटभर प्यायला आणि ओलं तोंड बाबांच्या पँटला पुसून आला. त्याच्या पोटाच्या केसांना हिरवं काहीतरी चिकटलं होतं, सांडलेल्या ऑइलपेंटसारखं. मी ते बोटावर घेतलं आणि मान वर केली. धक्का समोरच्या काठावर होता. मंगळवारच्या आधीपासूनच वारा तिकडून इकडे वाहत होता. हे विषारी शेवाळ तरंगतं, वारा नेईल तिकडे जातं. धक्क्यापाशी पाणी स्वच्छ होतं, कारण तिथलं सगळं विष आमच्या काठाला येऊन लागलं होतं.

पिण्याच्या पाण्याचे दोन्ही कॅन मी त्याच्या अंगावर रिकामे केले. बाबांना कारण सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "पण तू तपासलं होतंस ना."

तंबू तसाच टाकून निघालो. जनावरांचा डॉक्टर डोंगराखाली, दीड तासावर. पहिल्या वळणांवरच ढब्ब्याचे पाय ताठ होऊन झटके द्यायला लागले. मागच्या सीटवर बाबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन सारखे बोलत होते. "अरे, तिच्या चपला कोण राखणार? मला जमतं का ते? तूच सांग."

मग ढब्ब्याचं अंग सैल पडलं.

"आता हळू चालव," बाबा म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली आणि तळ्यावरच्या रखवालदाराला फोन केला. काठ बंद करा, कुणाला पाण्यात उतरू देऊ नका, म्हटलं.

"पण मॅडम, फलकावर तुमचीच सही आहे. पाणी चांगलं म्हणून."

"खोडा ती."

फोन ठेवून मी आरशात पाहिलं. बाबांचा हात ढब्ब्याच्या कानावरून फिरत होता. मी म्हटलं, "बाबा." पुन्हा म्हटलं.

घर येईपर्यंत ते बोलले नाहीत. त्याला आता अकरा दिवस झाले, अजून घरात आवाज नाही.