दोन सूर्यांच्या नगरातली धुलाई

आई त्याला ब्रह्मदेव म्हणायची, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त. कारण हा गडी आठ वर्षं घरात बसून एक नगर रचत होता. नगरावर दोन सूर्य, रात्र म्हणून नाहीच. नकाशे झाले, राजांच्या अकरा पिढ्या झाल्या, त्यांची भाषा झाली, तिच्यातल्या शिव्यासुद्धा झाल्या. एवढं करून सोमवारी संपादिकाबाईंनी बाड परत दिलं.

"सगळं आहे हो, पण इथे कुणी राहतंय असं वाटत नाही. माझा विश्वास बसेल अशी एक तरी गोष्ट द्या. शुक्रवारपर्यंत थांबते, नाहीतर राहू दे."

आधीची दोन पुस्तकं पडून होती. हेही हातचं गेलं असतं तर पुन्हा कुणी त्याला दारात उभं केलं नसतं. पण विश्वास बसायला अजून घालायचं तरी काय? त्यानं तिसरा सूर्य घालून पाहिला. सगळ्या सावल्या चुकल्या, म्हणून परत काढला. डोकं पार भंजाळलं.

शेवटी त्यानं आईलाच पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. आई हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धुवायची, झाली की एकोणीस वर्षं. पाय पसरून तिनं निमूट ऐकलं आणि विचारलं, "रात्र नाही, तर यांची ड्यूटी सुटते कधी?"

"घंटा होते."

"मग घंटावाला झोपतो कधी? आणि तिथे कपडे कोण धुतं?"

आठशे पानांत कुणीच धूत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मंगळवारी वही घेऊन स्वारी आईच्या मागोमाग तळघरात गेली.

तिथे मशीन घरघरत होतं आणि बायका वरून आलेल्या चादरी आत कोंबत होत्या, एका खेपेला पन्नास. मधेच कोपऱ्याला गाठ मारलेली एक चादर आली. आईनं ती बाजूला काढली आणि एवढ्या मोठ्या मशीनमध्ये एकटीच फिरवली. गाठ म्हणजे त्या खाटेवरचा माणूस गेला. वरच्या नर्सबाई गाठ मारून पाठवतात आणि इथे ती चादर वेगळी धुतात. असा नियम कुठेही लिहिलेला नाही.

"असं का?" त्यानं विचारलं. एक बाई म्हणाली, डाग असतात. दुसरी म्हणाली, मी लागले तेव्हापासून असंच आहे. आई म्हणाली, "बाजूला सरक, पाणी उडेल."

त्यानं ते जसंच्या तसं दोन सूर्यांखाली नेलं. कारण हवंच, म्हणून नदीचा एक जुना शापही रचला, चांगला पानभर, आणि रात्रीच पाठवून दिलं. बुधवारी संपादिकाबाईंचा फोन आला.

"चादर वाचून अंगावर काटा आला. पण शाप खोटा आहे. त्या बायका शापाला भिऊन हे करत नाहीत. खरं कारण द्या, पुस्तक घेते."

आता खरं कारण आणायचं कुठून? गुरुवारी संध्याकाळी तो आईच्या खनपटीला बसला. आई कपाटातले घडीचे कपडे उलटेपालटे करत होती.

"मीच सुरू केलं ते," ती म्हणाली. "तुझे बाबा वर वॉर्डात होते तेव्हा. त्या सकाळी त्यांच्या खाटेवर मी मुद्दाम चांगली चादर घातली होती, लाल दोऱ्यानं रफू केलेली. दुपारी मशीन उघडलं तर पन्नासांत ती. सकाळी घातलेली चादर दुपारी खाली कशाला येईल? तेव्हा कळलं मला. माझ्याच हातानं कोंबली होती रे, न बघता. तेव्हापासून वर सांगून ठेवलं, गाठ मारून पाठवत जा."

तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि खाटेपाशीच होता. नर्स म्हणाली होती, जा, आईला सांग. तो जाऊन बाकावर बसला आणि तासभर उठलाच नाही. मग आईच वर आली, तिला सगळं कळलेलं होतं, आणि तो सुटला. तिला कोणी सांगितलं, हे बारा वर्षांत त्यानं विचारलं नव्हतं.

"लिहू का हे?" त्यानं कसंबसं विचारलं.

"लिही की. फक्त तिथे त्या बाईला कुणीतरी आधी खाली येऊन सांगू दे."

"अगं, पण आधी सांगितलं तर ती चादर बाकीच्यांत टाकणारच नाही. मग ती रीतच पडणार नाही. सगळं नगर त्या एका गोष्टीवर उभं आहे आता."

"ते तुझं तू बघ, मला त्यातलं काय कळतंय," आई म्हणाली आणि कपाट लावून घेतलं.

शुक्रवारी सकाळपर्यंत त्याला काही उमजेना. सांगावं तर पुस्तक जातं, न सांगावं तर आई पुन्हा त्या मशीनपाशी एकटीच उभी राहते. नगर खरं व्हायला तिनं पुन्हा तेच सोसायचं, हा कुठला न्याय? आणि हे आपण ठरवायचं? भीती वाटत होती, लाजही वाटत होती.

मग त्यानं लिहायला घेतलं. गोष्टीतला मुलगा बाकावरून उठला. जिना उतरला. मशीन अजून सुरू झालं नव्हतं आणि तिच्या हातात ती चादर होती.

"आई," त्यानं लिहिलं. पुढचं वाक्य मात्र काही केल्या सुचेना.