एका खटल्याचा एक बाक

आमच्या कोर्टात पुकारा करायच्या जागेवर नेमलेली पहिली बाई मीच. आधीच्या शिपायाचा घसा बसला तो बसलाच, तेव्हा जजसाहेबांनी विचारलं, आवाज जिन्याखालपर्यंत कुणाचा जातो? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. धाकटा दीर मला घरात भोंगा म्हणायचाच. आता भोंग्याला सरकारी पगार सुरू झाला, एवढंच.

काम तसं सोपं. कारकून आतून सांगणार, मी दारात उभी राहून नाव पुकारणार. तीनदा. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही, की आत गैरहजर अशी नोंद. जीव जायचा तो माणसं गोळा करण्यात. कुणी झाडाखाली, कुणी चहाच्या टपरीवर, कुणी जिन्यात डुलक्या घेत. म्हणून मी शिस्त लावली. व्हरांड्यात आठ बाक होते. त्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले आणि रोज सकाळी खटल्यामागे एक बाक वाटून द्यायला लागले. एका खटल्याची सगळी माणसं एका बाकावर. हाक मारली की अख्खा बाक उठून आत. साहेबांनी त्याबद्दल सगळ्यांदेखत शाबासकी दिली. घरी येऊन ती मी चार वेळा सांगितली असेल.

साहेबांनी स्वतः मात्र तो व्हरांडा कधी पाहिला नव्हता. नऊ वर्षं ते मागच्या दाराने यायचे आणि मागच्याच दाराने जायचे.

त्या वर्षी पाच नंबरच्या बाकावर एक कंडक्टर मुलगी यायची. असेल सत्तावीस-अठ्ठावीसची. एका प्रवाशाने तिकीट घ्यायला नकार दिला, हिने उतरायला सांगितलं, तर त्याने हिलाच चालत्या बसमधून ढकलून दिलं. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. तेव्हापासून ती डेपोतल्या टेबलावर बसून तिकिटांचे गठ्ठे मोजायची. तो जामिनावर बाहेर होता आणि तारखेला मामा आणि दोन मावसभाऊ बरोबर घेऊन यायचा. इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. मलाही न चुकता म्हणायचा, "मावशी, बऱ्या आहात ना?"

पहिल्या तारखेला ती काठी टेकत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मीच म्हटलं, "उभी का गं? पाच नंबरवर बस. जागा आहे की."

ती बसली. त्या दिवशी आरोपीचे वकील आजारी. पुढच्या वेळी दवाखान्याचे कागद आले नव्हते. तिसऱ्या तारखेला सगळे आले, फक्त तीच आली नाही. साहेबांनी बजावलं, पुढच्या वेळी फिर्यादी हजर नसेल तर तिच्या साक्षीवाचून पुढे जाऊ. आता तिच्या साक्षीवाचून त्या खटल्यात उरत काय होतं? ड्रायव्हरची नजर रस्त्यावर, प्रवासी केव्हाच पांगलेले. तो सरळ सुटून घरी गेला असता.

चौथ्या तारखेला मी तिला फाटकातून आत येताना पाहिलं होतं. पण नाव पुकारलं तर उत्तर नाही. दुसऱ्यांदा पुकारलं, तरी नाही. पाच नंबरवरचे चौघे एकमेकांकडे बघून गालात हसले. मी कारकुनाला म्हटलं, "दोन मिनिटं थांबा," आणि जिना उतरले.

जिन्याखाली जुन्या फायलींचे गठ्ठे रचलेले असत. त्यांच्या आड ती उभी होती.

"अगं, वर तुझा पुकारा चाललाय!"

"ऐकला. अख्ख्या गावाने ऐकला असेल."

"मग चल की."

"मावशी, मी आलेच नाही असं सांगा."

"डोळ्यांसमोर उभी आहेस आणि नाही म्हणून सांगू? काय झालंय?"

ती काठीच्या मुठीकडे बघत म्हणाली, "तो पेन वाजवतो."

"काय करतो?"

"पेनाचं बटण. टिक-टिक, टिक-टिक. तिकिटाच्या पंचसारखं. मग भाऊ हळूच म्हणतो, तिकीट, तिकीट. मामा हसतो. बस, एवढंच. आता याची तक्रार काय करू? पेन वाजवतो म्हणून? दोन-दोन तास गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. आत जाईपर्यंत माझ्या डोक्यात काही उरत नाही. बस कुठल्या मार्गाची होती तेसुद्धा."

ती टिकटिक मी ऐकली होती. कंटाळला असेल बिचारा, असंही मनात म्हटलं होतं.

"मग दुसऱ्या बाकावर बसायचंस!"

"बसले होते. सहा नंबरवर. तुम्हीच उठवलंत. म्हणालात, हा तुझा बाक नाही."

"इथेच थांब, हलू नकोस," एवढं म्हणून मी वर गेले आणि तिसरी हाक मारायच्या ऐवजी सरळ आत शिरले.

"साहेब, फिर्यादी हजर आहे. पण ती वर येत नाही, आणि चूक माझी आहे."

आरोपीचे वकील म्हणाले, "आता पुकारा करणाऱ्या बाईंचीच साक्ष घ्यायची का?" दोन-चार जण हसले.

"हसून झालं की सांगा, वकीलसाहेब," साहेब म्हणाले. "बोला बाई."

मी सगळं सांगितलं. बाकांसकट. साहेब उठले. मला वाटलं, चालले मागच्या दाराने. पण ते समोरून खाली उतरले. तिथे पायरी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, जरा अडखळलेच. मग व्हरांड्यात आले. पाच नंबरवरचे चौघे ताडकन उभे राहिले.

"बसा," साहेब म्हणाले. "फिर्यादी कुठे बसतात?"

मामांनी कडेची वीतभर जागा दाखवली. साहेब तिथे टेकले. त्यांचा गुडघा आरोपीच्या गुडघ्याला लागला. मिनिटभर ते तसेच बसून राहिले.

"बाई, हे आकडे तुम्ही घातलेत?"

"हो, साहेब."

"आणि शाबासकी मी दिली," म्हणत ते उठले.

आत जाऊन त्यांनी सांगितलं, फिर्यादीने टायपिस्टच्या खोलीत बसायचं, आणि साक्ष आजच होणार. वकील लगेच उभे राहिले. "साहेब, ही एका बाजूला सवलत झाली."

"एक खुर्ची आणि एक दार. तुमच्या अशिलाला हवं असेल तर अर्ज द्या, त्यांनाही देऊ."

तिसरी हाक मी मारलीच नाही. खाली जाऊन तिला हळू आवाजात बोलावलं.

सुरुवातीला तिचं बोलणं कारकुनालाही ऐकू येईना. साहेबांनी तिला पाणी दिलं, म्हणाले, घाई नाही. मग सरकारी वकिलांनी विचारलं, बस थांब्यापासून किती पुढे गेली होती?

"दुसरा गिअर पडला होता," ती म्हणाली. तिथून तिचा आवाज सुटला. मार्ग, वेळ, थांबा, तो कुठल्या दांडीला धरून उभा होता, सगळं ओळीने आलं.

मग आरोपीचे वकील उठले. "गर्दीत तुमचाच तोल गेला असेल?"

"साहेब, चार वर्षं उभ्याने तिकिटं फाडली. तोल जायचा असता तर पहिल्या महिन्यातच गेला असता."

निकाल पाच महिन्यांनी लागला. त्याला कैद झाली, आणि तिच्या उपचारांचा खर्च त्याने द्यावा असाही हुकूम झाला. त्याच सुमारास स्टेशनरीची कोठी रिकामी करून साक्षीदारांसाठी वेगळी खोली झाली, आणि बाकांवरचे आकडे मी माझ्या हाताने पुसून काढले. पण मला आठवते ती साक्षीचीच दुपार. प्रत्येक पानावर सही करून तिने कारकुनाला विचारलं, "आता पुढची तारीख कधी?"

"तुम्हाला नाही. तुमचं झालं."

"झालं?" ती माझ्याकडे बघायला लागली. "रजा तर मी पूर्ण दिवसाची टाकलीय."

"मग घरी जा, झोप काढ."

ती काठी घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली. "मावशी, एखादा कोरा कागद मिळेल? डेपोत अर्ज द्यायचाय. मला परत गाडीवर घ्या म्हणून."

सरकारी कागद असा द्यायचा नसतो. मी दोन दिले, एखादा चुकला तर असावा म्हणून.