शिलाईतलं जास्तीचं कापड

शिंपी दरवर्षी स्वतःचीच पँट उसवून सैल करायचा. पोट सुटलं तसं अंगातलं त्राणही गेलं. रात्री बायकोशेजारी नुसता ओंडक्यासारखा पडायचा आणि म्हणायचा, "वय झालं."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून खडसावलं, "वय नाही, पोट. चरबी वाढली म्हणून पुरुषी हार्मोन घटलंय. आधी वजन उतरवा, मग औषधाचं बघू."

शिंपी धुसफुसला, पण ताट अर्ध्यावर आणून रोज चालू लागला. वर्षभरात हार्मोन औषधाविना जागेवर आलं, आणि बायको कामात गुणगुणू लागली.

आज त्याने तीच पँट कमरेत आत घेतली, वर शिलाईत राखलेलं जास्तीचं कापडही कात्रीने उडवलं.

"अहो, पुन्हा सुटलात तर?"

"तर उघडा हिंडेन."

बायकोने दुसरी पँटही कात्रीपुढे केली.